पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

११ मे, रविवार

गाडी आली. दादाने गावच्या घरून, वरशाहून स्वतः चालवत आणली, पेणला रामवाडीत दारात उभी केली आणि किल्ली प्रणिताच्या हातात दिली — तिच्या नवऱ्याच्या, माझ्या नाही! म्हणाला, "सात वर्षं पोरासारखी सांभाळली." पोरासारखी सांभाळली, मग नवी कशाला घेतली? त्याला नवी मोठी पांढरी, मला त्याची जुनी. लहानपणी त्याचे शर्ट आखूड झाले की मला यायचे. चव्वेचाळीस वर्षांचा झालो, अजून तेच चाललंय.

चहाला बसला आणि सूचना सुरू. क्लच हळू सोड. टायरची हवा पंधरा दिवसांनी बघ. आधी एसी बंद कर, मग इंजिन. खाली काय मारू नको. काचेवर कोरडं फडकं फिरवू नको. मी नुसती मान डोलवत होतो. सोळा वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, हजारो सुटे भाग हाताखालून गेले, आणि हा मला फडकं कसं फिरवायचं ते शिकवतो!

एक मात्र बरं झालं. यंदा गणपती हमरापूरहून वरशाला आपल्या गाडीतून जाईल. आम्हा दोघा भावांचा गणपती एकच, वरशाच्या घरी बसतो. पेणला राहणाऱ्याने आणायचा आणि थोरल्याने बसवायचा, हे बाबांनी ठरवून दिलेलं. गेल्या वर्षी टेम्पोत मूर्ती मांडीवर घेऊन बसल्याने नागोठण्यापर्यंत प्रणिताचे पाय बधिर झाले होते. दादा निघताना म्हणाला, "म्हणून तर गाडी तुला दिली." सरळ दिली म्हणायचं नाही. उपकाराची पट्टी चिकटवूनच देणार.

१८ मे, रविवार

माळ्यावरून बाबांचा फवारणीचा पंप काढला. नळी साफ केली. समोरच्या बाइकवाल्या मिस्त्रीकडून कॅनभर जळकं ऑइल आणलं, त्यात थोडं डिझेल घातलं आणि गाडीखाली आडवा पडून सगळीकडे फवारलं. एक कोपरा सोडला नाही. चाकांच्या आत, पाट्यांना, सळ्यांना, जिथे हात पोचेना तिथे ब्रशने.

बाबा पाऊस लागायच्या आधी घरातलं सगळं लोखंड असंच माखायचे. नांगराचा फाळ, कोयते, बिजागऱ्या, माझी सायकल. खाडीवरचा वारा लोखंड खातो म्हणायचे. दादाने सात वर्षांत एकदाही खाली तेल मारलेलं दिसत नाही. कोरडं ठणठणीत! आणि म्हणे पोरासारखी सांभाळली.

बनियन फुकट गेलं. पण समाधान वाटलं. आता गाडी माझी झाली.

१४ जून, शनिवार

आज कंपनीतून येताना वडखळच्या अलीकडे गतिरोधकावर आवाज आला. चिर्र-क्. जुन्या पाळण्याची कडी करकरते तसा. पुढे, डावीकडे. पुढच्या गतिरोधकावर परत. घरापर्यंत अकरा वेळा मोजला.

तेल मारून महिना झाला नाही अजून!

१५ जून, रविवार

आवाज म्हणजे वंगण कमी. परत पंप काढला. पुढच्या चाकाच्या आत दणकून मारलं. संध्याकाळी चक्कर मारली, आवाज बंद. सरळ गोष्ट आहे. मिस्त्री लोकांकडे धावायची गरजच नसते.

१७ जून, मंगळवार

परत सुरू. आणि आधीपेक्षा मोठा. सकाळी सखाच्या गॅरेजला गेलो, तर नेमका पाऊस. गाडी साळसूद! सखा शेजारी बसला, रामवाडीतले सगळे खड्डे घालून झाले, चकार शब्द नाही.

"कायच नाय रे हर्षद. मस्त गाडी हाय." माझ्या कानातच काही असेल, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

दुपारी ऊन पडलं. कंपनीच्या फाटकातून बाहेर पडलो — चिर्र-क्! पहारेकरी वळून बघायला लागला.

२२ जून, रविवार

आज ऊन होतं, म्हणून सखाला घरी बोलावलं. त्याने ऐकला. देवा, कोणीतरी ऐकला एकदाचा! खाली शिरला. तेलाने माखलेलं बघून म्हणाला, "तेल मारलंस ते बरं केलंस, आमी पन मारतो." मग डाव्या शॉकरवर बॅटरी मारली. वरपासून खालपर्यंत ओला, वर चिखल चिकटलेला. "ह्यो बघ. शॉकर गळतो. तोच वाजतो."

बदलायचा ठरला. प्रणिता म्हणाली, सात वर्षांत शॉकर जातोच, त्यात काय. तिला प्रत्येक गोष्टीत काही नसतंच.

२५ जून, बुधवार

नवा शॉकर. शांत. दादाला फोन करून सांगितलं की तुझा शॉकर गेलेला होता. "बरं," म्हणाला. बस. "अरेरे" नाही, "मला माहीत नव्हतं" नाही. बरं!

५ जुलै, शनिवार

चार दिवस पाऊस नाही, आणि आवाज परत. मी धीर धरला, ब्रश घेतला, नव्या शॉकरच्या आसपास नीट तेल लावलं. दोन दिवस गप्प, मग पुन्हा करकर. आता तर दारातून बाहेर काढतानाच. शेजारचे जोशीकाका गॅलरीतून म्हणाले, "आले का हर्षद, आवाजावरनं कळतं हो." हसले. मी पण हसलो. आत आल्यावर प्रणितावर उगाच ओरडलो.

९ जुलै, बुधवार

सखाने गाडी परत जॅकवर चढवली. नवा शॉकर ओला! फडक्याला हात पुसत सखा म्हणाला, "पंधरा दिवसात नवा शॉकर गळतो म्हंजे काय तरी वाकडं हाय. गाडी कुठं ठोकलेली हाय काय? ईचार तुज्या भावाला."

ठोकलेली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाची गाडी चार दिवस रोह्याला गॅरेजमध्ये होती. मला पक्कं आठवतंय, कारण आईला डॉक्टरकडे न्यायला मी रजा काढली होती. चार दिवस! नुसत्या सर्व्हिसिंगला कोणी चार दिवस गाडी ठेवतं?

१० जुलै, गुरुवार

झोप लागली नाही. ठोकलेली गाडी सख्ख्या भावाला.

१९ जुलै, शनिवार

स्टोअरमध्ये हाताखालच्या रघूवर भडकलो. सव्वीस वर्षांची नोकरी झाली त्याची, आणि रबरी गॅस्केटांचा खोका ठेवला कुठे, तर तेलाच्या पिंपाच्या झाकणावर! भिंतीवर मी स्वतः मोठ्या अक्षरात पाटी लावली आहे — रबरी माल तेलाच्या रॅकपासून लांब ठेवावा. तीन गॅस्केट फुगून बाद. "अक्कल गहाण ठेवलीस काय रे?" म्हणालो. चार लोकांसमोर. त्याने खोका उचलून दुसऱ्या रॅकवर ठेवला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसला नाही.

हल्ली कोणावरही तोंड सुटतं. सगळं त्या आवाजाने केलंय. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास तो कानात, आणि प्रत्येक करकरीला दादाचं ते "पोरासारखी सांभाळली."

२७ जुलै, रविवार

आईला फोन केला. सरळ विचारलं, दादाने गाडी ठोकली होती का.

"काय बोलतोस रे! कवा?"

गेल्या वर्षी चार दिवस गॅरेजला होती, तेव्हा.

"अरे ती पुढची सीट ऊच करून घेतली माज्यासाठी. गुडघं वाकत नाय ना माजं. रोह्यात झाली नाय म्हनून पनवेलला नेलं सुजयनी सीटला."

सीट खरंच उंच आहे. पण सीटला चार दिवस? आईला जे सांगितलं ते आईने ऐकलं. तिचा विश्वास दादावर. पहिल्यापासून. मी तिसरीत असताना बाबांचं घड्याळ पडून फुटलं होतं, तेव्हाही मलाच विचारलं होतं, त्याला नाही. फोडलं मीच होतं, हा भाग वेगळा.

संध्याकाळी परत थोडं तेल लावलं. दुसरं काय करणार.

९ ऑगस्ट, शनिवार

वरशाला गेलो होतो. नारळी पौर्णिमा. आईने नारळीभात केला होता.

अंगणात दादाकडे आळीतली चार माणसं बसली होती. गणपतीत कोणत्या दिवशी कोणाकडे भजन, ते ठरवत होते. मी गाडी अंगणात घेतली. चिर्र-क्, चिर्र-क्. त्यातला एक जण म्हणाला, "काय हर्षद, गाडी पन भजन बोलते काय?" सगळे हसले. दादाही हसला. तो हसला तेव्हा माझं डोकं फिरलं.

म्हणालो — तुम्हीच विचारा याला! ठोकलेली गाडी धाकट्या भावाच्या गळ्यात मारली. सख्ख्या भावाला फसवतो आणि वर उपकार दाखवतो. स्वतः नवी उडवतो.

बोलताना मला दिसत होतं की वहिनी दारात आली आहे, आई तिच्या मागे. तरी थांबलो नाही. आणखीही बोललो. बाबांच्या जमिनीचं बोललो, शर्टांचं पण बोललो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, शर्टांचं!

दादा उठला. ओरडला नाही. गाडीपाशी गेला, पुढच्या डाव्या चाकाशी वाकला, आत हात घातला, बोट बाहेर काढून बघितलं. माझ्याकडे बघितलं. जास्वंदीच्या पानाला बोट पुसलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण अंगणाकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "किल्ली दे. मी बघतो."

बघतो! म्हणजे पुरावा मिटवतो. दिली नाही किल्ली. तोंडाला कुलूप लागलं त्याच्या. खोटं असतं तर बोलला नसता का?

नारळीभात न खाता निघालो. नागोठण्याला प्रणिता म्हणाली, "दादा असं करायचे नाहीत." मी म्हणालो, मग त्यांच्याकडेच राहा.

१० ऑगस्ट, रविवार

ठरलं. यंदापासून माझा गणपती वेगळा.

सकाळीच हमरापूरला गेलो. ठमाबाईंच्या कारखान्यात. वरशाची मूर्ती बाबांपासून त्यांच्याकडचीच. म्हातारीचे हात अजून स्थिर आहेत, रंग पोरीसुना देतात पण डोळे तीच काढते. आमची मूर्ती फळीवर होती, अंगाला रंग झालेला, डोळे कोरे. मी त्याच मापाची दुसरी दाखवून म्हणालो, ही पण पाहिजे.

"दोन?" ब्रश थांबला तिचा. "भाऊ येगले झाले काय रे?"

हो म्हणालो. म्हणायला काही वाटलं नाही, याचं आता नवल वाटतंय.

ती म्हणाली, "बघ हां. अजून दहा-बारा दिस हाईत, ईचार कर. डोले काढले का गनपती तुजा झाला, मंग तो माघारी घेत नाय मी. आनि घरात एकदा बसला का दरसाल बसवावा लागतो." मी म्हणालो, विचार झालाय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "दोन गनपती झालं म्हंजे दोन घरं झाली रे हर्षद." आणि फोन ठेवला.

तिला वाईट वाटावं असंच मला वाटत होतं. वाटलं. आणि मला बरं वाटलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आवाज आता उजवीकडूनही.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रणिता मखराची तयारी करतेय. कात्रीने पुठ्ठा कापते आणि थांबते. विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आरतीला कोण कोण असणार? तुम्ही, मी. टाळ कोण धरणार?"

मोबाइलवर लावू, म्हणालो. तिने कात्री ठेवली आणि आत गेली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सखाने हात टेकले होते. "आखी पुढची बाजूच बदल," म्हणाला. रघू मात्र — त्या गॅस्केटवाल्या दिवसानंतर आज पहिल्यांदा आपणहून बोलला — म्हणाला, "साहेब, कंपनीच्या रस्त्याला नमिताकडं दाखवा." टायर आणि अलाइनमेंटचं दुकान, बापामागे ती चालवते. जेवणाच्या सुट्टीत गेलो. चाळिशीची बाई, हातात पाना. परत फिरावं असं वाटलं, पण ऊन चांगलं होतं आणि आवाज जोरात होता.

तिने काही खोललं नाही. आधी विचारलं, "पावसात वाजते?" नाही म्हणालो. "ऊन पडलं का वाजते?" हो. "मंग रबर हाय. वला झाला का गप बसतो." दोन महिने हे माझ्या डोळ्यांसमोर होतं! पाऊस आला की गप्प, ऊन आलं की सुरू. मला वाटायचं गाडी मुद्दाम करते.

मला पुढून बॉनेट दाबायला लावलं. दाब, सोड, दाब, सोड. चिर्र-क्, चिर्र-क्. ती पाण्याची बाटली घेऊन खाली शिरली. झाकणाला खिळ्याने भोक पाडलेलं. एका रबरावर धार सोडली, आवाज चालूच. दुसऱ्यावर, चालूच. तिसऱ्यावर सोडली आणि आवाज बंद. एकदम. मी दाबतोय आणि काही नाही.

"गावला," म्हणाली. "आर्मचा मागचा बुश."

मग मला खाली बोलावलं. बॅटरी धरली. लोखंडी हात जिथे गाडीला जोडलेला असतो तिथे मध्ये जाडजूड रबर असतं. ते फुगून कडेने बाहेर आलं होतं. तिने नखाने खरवडलं, तर काळी साय निघाली. वास घेतला. "जलका ऑइल. कोनी मारला हो यवढा?"

मी म्हणालो, मी.

"रबराला तेल चालत नाय ना. फुगतो, मऊ पडतो, मंग लोखंडावर घासतो. तेल मारलं का दोन दिस गप, मंग डबल. परत मारलं असंल तुमी." ती सहज बोलत होती, रागावून नाही. पुढे तिने शॉकर पुसून दाखवला. "आनि ह्यो गलत बिलत नाय. वरनं तुमचा ऑइल वघळलाय. जुना पन चांगलाच असंल."

मी विचारलं, गाडी ठोकलेली आहे का?

तिने दोन्ही बाजूंनी बॅटरी फिरवली. "कोन म्हनला? कायच ठोकलेली नाय. आर्म सरल, एक येल्डिंग नाय. ज्यानी वापरली त्यानी लय जपलीय ही गाडी."

सामान सोमवारी येईल म्हणाली.

परत स्टोअरमध्ये आलो. खुर्चीत बसलो. समोर भिंतीवर माझी पाटी.

२३ ऑगस्ट, शनिवार

ही वही मागे उलटली. ११ मे. माझंच अक्षर, माझीच शाई.

"खाली काय मारू नको."

सांगितलं होतं त्याने. मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं — त्याची चेष्टा करायला. आणि आठच दिवसांनी पंप काढला.

तीनदा फोन हातात घेतला. एकदा लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगू? दादा, तू बरोबर होतास? एवढे चार शब्द. एरवी दिवसभर बडबडतो, आणि हे चार शब्द बोलता येत नाहीत. मी हलकट माणूस आहे. हे इथे लिहायला सोपं जातं.

गणपतीचं तरी थांबवता येईल. उद्या हमरापूर.

२४ ऑगस्ट, रविवार

उशीर झाला.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, माणसं आपापल्या मूर्त्या शोधतायत. माझी खालीच ठेवली होती. नाव लावलेलं. डोळे काढलेले. सरळ माझ्याकडेच बघत होती.

ठमाबाई म्हणाली, "सांगितलं व्हतं ना तुला." मी वर बघितलं. वरशाची मूर्ती तशीच फळीवर, डोळे कोरे. तीन दिवसांवर चतुर्थी! मी विचारलं, हिचे कधी काढणार?

"नाय काढायचं. तुजा भाऊस येऊन गेला गेल्या सोमवारी. बोलला, आमच्याला डोले काढू नको ठमाय, यंदा नेत नाय. दुसऱ्या कोनाला लागला तं दे."

नेत नाही? वरशाच्या घरी गणपती नाही? बाबांच्या बाबांपासून बसतोय तिथे. आम्ही दोघं लहान असताना त्या मखरामागे लपायचो.

म्हणजे दादाने सूड घेतला. माझ्या नाकावर टिच्चून बाबांचा गणपतीच बंद केला. तू वेगळा ना, मग घे, सगळंच मोडलं. आयुष्यभर आईने म्हणावं, हर्षदमुळे झालं. मी चार शब्द बोलायला घाबरत होतो आणि त्याने तोवर दारच लावून घेतलं! आता सांगून तरी काय उपयोग? नाही सांगणार. त्याचा शॉकर चांगला होता, त्याची गाडी चांगली होती, तोच चांगला. राहू दे चांगला.

वाटेत आवाज चालूच होता. आज तो मला शिव्या देत होता.

२५ ऑगस्ट, सोमवार

नमिताने चारही रबरं बदलली. सगळं तेल साबणाने धुऊन काढलं. आवाज बंद. घरापर्यंत एकदाही नाही.

शांत गाडीत फार वाईट वाटतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गणपती आणला. प्रणिता पुढच्या सीटवर, मूर्ती मांडीवर. सीट उंच असल्यामुळे तिला पाय नीट टेकता आले. "बरी आहे हो ही सीट," म्हणाली. आईसाठी केलेली सीट. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

रामवाडीचे खड्डे, गतिरोधक, काही आवाज नाही. दरवर्षी ह्या वेळी आम्ही वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालेलो असायचो आणि दादाचा फोन यायचा — कुठपर्यंत आलात, आई ओवाळायला उभी आहे. फोन मांडीवर ठेवला होता. नाही वाजला.

पंप भंगारवाल्याला द्यायला काढला होता. मग परत माळ्यावर टाकला. बाबांचा आहे, त्याचा काय दोष.

मखर छान झालंय. घरात दोन माणसं.

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी साडेसहाला दारात पांढरी गाडी. आई, वहिनी, आणि डोक्यावर वरशाचा चौरंग घेतलेला दादा. वहिनीच्या पिशवीत टाळ. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "गनपती एकच रे. सुजय बोलला, धाकट्याकडं बसतो तर बसू दे, पन दोन नको."

चौरंग ठेवायला दादा खाली वाकला. मीही वाकलो. म्हणालो, "दादा, तेल मी मारलं होतं."

"माहीत हाय. बोट लावलं तवाच समजलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

चौरंगाचा पाय नीट टेकवत म्हणाला, "अंगनात चार मानसं होती."